एलियासचा दिवस: वेसाव्याहून कान्हेरीपर्यंत पायी

परवा एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "मुंबईच्या आसपास तीन-चार दिवसांत पायी करता येईल, असा एखादा रस्ता सांगाल का?" मी म्हटलं, आहे की. अंधेरीहून वेसावे, होडीने मढ, तिथून एरंगळ, आक्सा, मार्वे. पुन्हा होडीने मनोरी, मग गोराई, खाडी ओलांडून बोरिवली आणि शेवटी कान्हेरी. मुंबई न सोडता समुद्र, खाडी, वाड्या, जंगल आणि लेणी, सगळं एका ओळीत.

हा सबंध रस्ता मी एकदाच चालले आहे. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी चोवीस वर्षांची होते. रस्ता आता पार बदलला, पण लिहायला बसले तर पाय आपोआप चालू लागले. म्हणून सगळंच सांगते.

मी तेव्हा अंधेरीच्या एका शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवत असे. शाळेला वसतिगृह होतं आणि त्या वर्षी तिथे पूर्व आफ्रिकेतली तीन मुलं राहत होती. मोंबासाहून बोटीने मुंबईला उतरलेली, सतरा-अठरा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गातली. जोसेफ केनियाचा, खणखणीत आवाजाचा. मोझेस युगांडाचा, कायम भुकेला आणि कायम हसरा. एलियास टांगानिकातल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या गावातला. तो इतका कमी बोलायचा की पहिला महिनाभर मला वाटत होतं, याला इंग्रजी येत नाही.

आमचे हेडमास्तर लिमये सर एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळता ढवळता म्हणाले, "ही मुलं परत जातील तेव्हा यांचे देश स्वतंत्र होत असतील. उद्या कारभार यांच्याच हातात. आपण यांना काय शिकवतोय? बीजगणित."

"मग काय शिकवायचं, सर?" मी विचारलं.

"दुसऱ्याची जबाबदारी घेतली की आपल्या वाट्याला काय येतं, ते. आणि ते फळ्यावर नाही शिकवता येत."

त्यातून ही सहल निघाली. चार दिवस, चार मुलं. तीन आफ्रिकेची आणि चौथा त्यांच्याच खोलीत राहणारा शांताराम. शांताराम ठाणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, शिष्यवृत्तीवर शिकणारा, गणितात पहिला. बरोबर लिमये सर आणि मी. रोज एक मुलगा नेता. सरांनी नियम मोजकेच केले. नेत्याने औषधांची पिशवी वाहायची. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं, शेवटी पाणी प्यायचं. त्या दिवशी त्याचा शब्द अखेरचा, आम्हा शिक्षकांनासुद्धा. आणि दिवस संपताना सगळ्यांनी गोल बसून त्याला तोंडावर एकेक गोष्ट सांगायची, चांगली किंवा वाईट, पण खरी.

"सर, तुमच्यावरही हुकूम चालवायचा?" जोसेफने विचारलं.

"चालवून बघ," सर म्हणाले.

पहिला दिवस जोसेफचा. जानेवारीतली गार सकाळ. अंधेरी स्टेशनपासूनच आम्ही पायी निघालो. तेव्हा वेसाव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं आणि ताडाची झाडं होती. जोसेफने आम्हाला सैनिकांसारखं चालवलं. वेसाव्याच्या धक्क्यावर मासे उतरत होते, होडीवाला ओरडत होता आणि पलीकडे मढचा किनारा हात लांबवला तर लागेल इतका जवळ दिसत होता. (ही होडी आजही चालते. सकाळी लवकर जा, उन्हाआधी मढ गाठता येतं.)

मढच्या कोळीवाड्यात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर ओळीने बोंबील सुकत घातले होते. शेकडो, हजारो, उन्हात चांदीसारखे. आम्ही नाक दाबून पुढे निघालो. एलियास मात्र तिथेच थबकला. खाली वाकून एक पडलेला बोंबील त्याने उचलला, हुंगला आणि परत नीट टांगला. मासे टांगणारी बाई बघत होती. हिराबाय तिचं नाव.

"वास नाय का येत रं तुला?" तिने विचारलं. मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं.

"येतो," एलियास म्हणाला. "माझ्या आईच्या हाताचा."

त्याच्या तळ्याकाठीही बारीक मासे असेच सुकवतात, वाळूवर पसरून. हे मी हिराबायला सांगितल्यावर ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे आपलाच की." त्या दुपारी तिने आम्हा सहाजणांना आपल्या ओटीवर जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, माझ्यासाठी कांदा आणि चटणी. मी शाकाहारी घरातली, पार्ल्याची. समोर समुद्र, मागे माशांचा वास, आणि तळ्याकाठचा एक मुलगा कोळिणीला हातवारे करून सांगतोय की तुमच्या भाकरीसारखंच आमच्याकडे मक्याचं असतं. मी भूगोल शिकवत होते. भूगोल म्हणजे काय, ते मला त्या ओटीवर जरासं कळलं.

आम्ही मढच्या शाळेत मुक्काम केला. संध्याकाळी गोल बसलो तेव्हा मोझेसने जोसेफला सांगितलं, "तू चांगलं चालवलंस. पण मागे वळून एकदाही बघितलं नाहीस." जोसेफ चिडला, मग हसला.

दुसरा दिवस मोझेसचा, म्हणजे खाण्याचा. एरंगळ, आक्सा, मार्वे असं किनाऱ्याने चालत, वाटेत नारळपाणी, मार्व्याहून होडीने मनोरी. मनोरीत एका ख्रिस्ती कुटुंबाच्या माडीवर उतरलो. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांची मराठी मला निम्मीच कळत होती, पण मोझेस प्रार्थनेचे शब्द म्हणू लागला तसे त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. रात्रीच्या जेवणाला फुगे होते, आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल गोळे. मोझेसने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः शेवटी बसला तेव्हा दोनच उरले होते. त्याने ते दोन फुगे असे सावकाश खाल्ले की आजीबाई उठून पुन्हा कढई चढवायला गेल्या.

तिसरा दिवस शांतारामचा. सकाळी मनोरीहून गोराईला आलो तेव्हा खाडीला ओहोटी लागली होती. होडी चिखलात बसलेली. पलीकडे बोरिवलीत सरांच्या ओळखीचे लोक दुपारी भेटणार होते. एक माणूस म्हणाला, "चिखलातनं चालत जा थोडं, पुढे पाणी आहे, दुसरी होडी घेईल." सर धोतर वर खोचायला लागले.

शांताराम खाडीकडे बघत उभा होता. मग त्याने एका म्हाताऱ्या होडीवाल्याला बाजूला घेतलं, त्याच्याशी बोलला आणि परत आला.

"थांबायचं," तो म्हणाला. "भरती येईपर्यंत."

"अरे, तीन तास जातील. लोक ताटकळतील तिकडे," सर म्हणाले.

"ताटकळू देत, सर. तो म्हातारा म्हणतो, तिवरांच्या पुढे माणूस कमरेपर्यंत रुततो. मोझेसला पोहता येत नाही."

सरांनी खोचलेलं धोतर खाली सोडलं आणि ते दगडावर बसले. आम्ही सगळे बसलो. तीन तास. आणि त्या तीन तासांत मी भरती येताना पहिल्यांदा पाहिली. म्हणजे समुद्र पाहिला होता, जन्मभर पाहिला होता. पण एका जागी बसून, चिखलातल्या एकेका खाचेत पाणी चढताना, तिवरांची मुळं एकेक करून बुडताना, आडवी पडलेली होडी हळूच हलून सरळ होताना, असं कधी पाहिलं नव्हतं. होडी तरंगली तेव्हा जोसेफने टाळ्या वाजवल्या. शांताराम लाजला. त्या दिवसाइतका ताठ चालताना मी त्याला शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

आता चौथा दिवस. एलियासचा.

बोरिवलीहून कान्हेरीला जाताना वाटेत सरांच्या एका स्नेह्यांची फळबाग होती. जेवण त्यांच्याकडे ठरलं होतं. त्यांचं आणि वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते गृहस्थ आता नाहीत, तिथे इमारती उभ्या आहेत. माणूस सुसंस्कृत, खादीधारी, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला. फाटकातच त्यांनी तिन्ही आफ्रिकी मुलांना झेंडूचे हार घातले. ओसरीवर बसवून छोटंसं भाषण केलं. गोऱ्यांच्या जोखडाखालच्या बांधवांनो, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, असं. मनापासून बोलले, डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं.

मग चौकशी सुरू झाली. शांतारामकडे वळून म्हणाले, "तू कुठला रे बाळ?"

त्याने गाव सांगितलं.

"आडनाव?"

त्याने आडनाव सांगितलं.

यजमान हसत होते ते तसेच हसत राहिले, फक्त नजर बाजूला गेली. "बरं, बरं," म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने घरचा गडी पितळी तांब्या आणि पेले घेऊन आला. आम्ही तासभर उन्हातून चालून आलो होतो. गड्याने वाकून शांतारामच्या कानाशी काहीतरी सांगितलं. शांताराम उठला आणि घराला वळसा घालून मागे गेला. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. न सांगताही तो उठला असता, इतका सवयीने उठला.

मी हे पाहिलं. मला कळलं. आणि मी हातातलं पाणी प्यायले. गार होतं, वाळ्याचा वास होता त्याला. आज सत्तरच्या आसपास वर्षं झाली, तो वास अजून लक्षात आहे.

एलियास पेला हातात धरून थांबला होता, कारण त्याने शेवटी प्यायचं. त्याने डोकी मोजली. सर, मी, जोसेफ, मोझेस. त्याने पेला खाली ठेवला आणि उठून मागे गेला. मला राहवेना, मीही गेले.

विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. शांताराम हौदाच्या काठाशी उकिडवा बसून ओंजळीने तोंड धूत होता. मी आंब्याच्या झाडापाशी थांबले. दोघं इंग्रजीत बोलत होते, मधूनमधून मराठी.

"तू इथे का?" एलियासने विचारलं.

"इथलं पाणी गार आहे."

"तिथलंही गार आहे. चल. माझ्या आधी तू प्यायचं, असा नियम आहे."

"नियम सरांचा आहे," शांताराम म्हणाला. "हे घर सरांचं नाही."

एलियासने हौदाकडे पाहिलं. मग शांतारामच्या शेजारी खाली बसला.

"आमच्या गावाजवळच्या शहरात एक दुकान आहे," तो म्हणाला. "पुढून दार आहे, आणि मागे भिंतीत एक खिडकी. आम्ही खिडकीतून साखर घ्यायची. त्या दुकानाचा मालक गोरा नाही, हिंदुस्थानी आहे. मागची खिडकी कशी असते ते मला माहीत आहे, शांताराम. मला वाटलं, इथे नसेल."

शांतारामने ओंजळभर पाणी पुन्हा तोंडावर मारलं.

"आता सांग, मी काय करू? तिथे जाऊन भांडू? गप्प बसून जेवू? की आपण सगळे निघू?"

"मला कशाला विचारतोस? आज नेता तू आहेस."

"म्हणूनच विचारतो."

शांताराम ओल्या हातांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, सगळे दमलेत. ते त्याच्या ओठांवर आलंही असेल. पण तो म्हणाला, "भांडण नको. तुम्ही बोटीने परत जाल, मला इथेच राहायचंय. पण मला इथे जेवायचं नाही. मला इथून जायचंय."

"बरं," एलियास म्हणाला आणि उठला.

ओसरीवर केळीची पानं मांडून झाली होती. भात, वरण, बटाट्याची भाजी, श्रीखंड. यजमान स्वतः लिंबाची फोड वाढत होते. एलियासने जोसेफला त्यांच्या सामाईक भाषेत दोन वाक्यं सांगितली. जोसेफ ताडकन उठला, त्याचा पेला कलंडून ओसरीवरून खाली गडगडत गेला. एलियासने त्याच्या छातीवर हात ठेवला. नुसता हात ठेवला, आणि जोसेफ थांबला. मग यजमानांकडे वळून, सावकाश, शब्द निवडून तो इंग्रजीत बोलला.

"साहेब, तुमच्या हारांबद्दल आणि पाण्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमच्यातल्या एकाला इथे बसता येत नाही. म्हणून आम्हालाही बसता येणार नाही. आम्ही निघतो."

यजमानांचा चेहरा उतरला. "अरे, असं काय करता? पानं वाढलीत. घरात आई आहे, जुन्या वळणाची, ऐंशी वर्षांची. तिचं मन कसं मोडू? आणि त्याला उपाशी ठेवतोय का आम्ही? तिकडे पान देणारच आहोत." मग सरांकडे वळून मराठीत म्हणाले, "लिमये, तुम्ही समजावा ना याला. पोरगा आहे."

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. सर पानाकडे बघत होते. दोघांची वीस वर्षांची मैत्री, तुरुंगातलीसुद्धा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला मात्र तो वेळ गोराईच्या भरतीपेक्षा मोठा वाटला.

"आज शब्द त्याचा आहे," सर म्हणाले.

ते उठले. पायरीवर बसून वहाणांचे पट्टे लावू लागले, पण पट्टा बक्कलात जाईना. मोझेसने खाली बसून तो लावून दिला. मुलांनी गळ्यातले हार काढले, ओसरीच्या कठड्यावर नीट ठेवले. कुणी फेकला नाही. फाटकाशी शांताराम उभा होता, सगळ्यांच्या पिशव्या गोळा करून.

पुढचा रस्ता जंगलाचा. पळसाला कळ्या धरल्या होत्या, साग निष्पर्ण. जानेवारी असला तरी दुपारचं ऊन चटके देत होतं. बरोबरचं पाणी संपलेलं, पोटात काही नाही. एलियास सगळ्यांत मागे चालत होता, मोझेसच्या बरोबरीने. मोझेसचं डोकं दुखायला लागलं होतं. एकदा तो रस्त्याच्या कडेला बसलाच. एलियासने त्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, औषधांची होतीच.

कान्हेरीला पोहोचलो. तुम्ही गेलात तर शनिवार-रविवार टाळा, सोमवारी जाण्याआधी लेणी उघडी आहेत का याची चौकशी करा, आणि पिण्याचं पाणी घेऊनच चढा. आता फाटकापासून बस मिळते. तेव्हा काही नव्हतं. झाडी संपली आणि समोर एकदम काळा डोंगर उभा राहिला, वरपासून खालपर्यंत दारंच दारं असलेला. एखाद्या गावाने आपलं सगळं गाव दगडाच्या आत नेऊन ठेवावं तसा. पायऱ्या पावलांनी झिजून वाटीसारख्या झालेल्या. आम्ही सहाजण त्या डोंगरासमोर मुंग्यांएवढे.

आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. शांतारामने पिशवीतून दोर आणि लोटा काढला. टाक्याच्या चौकोनी तोंडातून लोटा खाली गेला आणि आतून गंभीर आवाज आला. पाणी होतं. जानेवारीत, उघड्या डोंगरावर, भरपूर.

सर भिंतीवरच्या अक्षरांपाशी उभे होते. त्यांना ब्राह्मी थोडीफार वाचता यायची. म्हणाले, "कुणीतरी हे टाकं दान दिल्याचं लिहून ठेवलंय. व्यापारी असेल, साधी बाईही असेल. दोन हजार वर्षांपूर्वी. नाव लिहिलंय देणाऱ्याचं. घेणारा कोण असावा, ते कुठेच लिहिलेलं नाही." बोलता बोलता ते पुढच्या लेण्याकडे निघून गेले.

शांताराम पाणी काढत होता, आम्ही ओंजळीने पीत होतो. मी वाकले, त्याने लोट्यातून धार धरली. दगडाच्या चवीचं थंड पाणी. मोझेस तीनदा प्यायला, जोसेफने डोक्यावर ओतून घेतलं. सर परत आले, प्यायले. मग शांताराम, आणि सगळ्यांत शेवटी एलियास.

एका मोठ्या लेण्यात समोरासमोर दोन लांबलचक दगडी बाकं आहेत, भिक्षूंना बसायला कोरलेली. तिथे बसून आम्ही एलियासला एकेक गोष्ट सांगितली. दिवस अजून मावळला नव्हता, दारातून उजेड आत येत होता.

मोझेस आधी बोलला. "तू बरोबर केलंस. पण मला विचारलं नाहीस. माझं डोकं अजून दुखतंय."

"खरं आहे," एलियास म्हणाला. "तुलाही विचारायला हवं होतं. मी रागात होतो आणि राग दिसू नये म्हणून घाई केली."

जोसेफ म्हणाला, "तू हात ठेवला नसतास तर मी त्या माणसाला मारलं असतं. मग आजची गोष्ट माझी झाली असती, शांतारामची नाही."

सर म्हणाले, "त्या घरी मी आजवर कितीतरी वेळा जेवलो. तो हौद मला माहीत होता. मी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही."

शांतारामने लोट्याभोवती दोर गुंडाळला. मग म्हणाला, "तू शेजारी खाली बसलास, ते मला आवडलं."

माझी वेळ आली. मी म्हटलं, "एलियास, मी त्याला उठून जाताना पाहिलं होतं. तुझ्या आधी. आणि मी पाणी प्यायले."

एलियासने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं, बाई?"

"हो."

त्याने मान हलवली. माफ केलं असंही म्हणाला नाही, रागावलाही नाही. मी सांगितलं ते त्याने घेतलं आणि ठेवून दिलं, इतकंच. वर्गात मी त्याची बाई होते. त्या बाकावर मी त्याच्यासमोर बसलेली कुणीतरी होते. आजही नीट सांगता येणार नाही, पण त्या डोंगराने मला जितकं लहान केलं त्याहून जास्त त्या मुलाने केलं, आणि त्यात अपमान अजिबात नव्हता.

बोरिवलीला उतरून केळी आणि शेंगदाणे खाल्ले. त्यांच्याइतकं चविष्ट जेवण मी नंतर फार थोडं जेवले.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांची आणि त्या गृहस्थांची मैत्री तुटली ती तुटलीच. सर त्यांच्याबद्दल वाईट कधी बोलले नाहीत, पण त्या वाडीत पुन्हा गेले नाहीत. मॅट्रिक करून तिघेही बोटीने परत गेले. एलियास आपल्या तळ्याकाठी शाळामास्तर झाला, पुढे हेडमास्तर. काही वर्षं त्याची पत्रं यायची, शाळेचं छप्पर, मुलं, पाऊस, असं सगळं. मग पत्रं थांबली. शांताराम वकील झाला, मुलुंडला राहायचा. तो पन्नाशीत असताना एका लग्नात भेटला. मी वाडीचा विषय काढला तर म्हणाला, "बाई, तुम्ही सगळे तीच वाडी घेऊन बसता. मला गोराई आठवते. माझ्या शब्दावर सगळे तीन तास थांबले होते, सरसुद्धा."

सहलीहून मी पार्ल्याच्या घरी परतले तेव्हा आई दारातच होती. पाय बघून म्हणाली, "काय अवतार हा. गरम पाणी काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या गंगूबाई आल्या. त्यांचा कप मागच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. आई त्यात वरून चहा ओतायची आणि त्या मागच्या दारात उभ्या राहून प्यायच्या. माझ्या जन्माआधीपासून. मी तो कप उचलून फडताळात आमच्या कपांबरोबर ठेवला. दुपारी तो पुन्हा खिडकीत होता. आईने ठेवलेला. मी परत फडताळात ठेवला. आठवडाभर हे चाललं, मी आणि आई एकमेकींशी एक अक्षर न बोलता. मला वाटत होतं, मी फार मोठं काही करते आहे.

मग एका सकाळी गंगूबाई वैतागून म्हणाल्या, "ताई, माझा कप रोज कुठं लपवता हो? शोधण्यात वेळ जातो. चार घरची कामं पडलीत."

मी ओशाळले. त्यांना यातलं मी काही विचारलंच नव्हतं. म्हटलं, "गंगूबाई, तुम्हाला काय वाटतं? कसं असावं?"

त्या माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. मग आईकडे. आई आमच्याकडे पाठ करून शेगडीशी उभी होती, चहा उकळत होता.

"कपाचं काय घेऊन बसलात," गंगूबाई म्हणाल्या. "कोणताबी द्या. पण पहाटेपासनं उभी असते मी. घटकाभर बसून प्यायला मिळाला तर बरं."

मी पाट शोधायला वळले. तोवर आईने शेगडीजवळचा स्वतःचा पाट पायाने त्यांच्याकडे सरकवला होता.